दुपारी सोडलेले पडदे

कुमसान, ११ जून

प्रिय धाकटे,

पोच देते. काल दुपारी पार्सल मिळालं. वाळवलेली गोंद्रेची भाजी, दोन जुड्या. ओकच्या फळांचं पीठ, पिशवी एक, तोंड दोऱ्याने दोनदा बांधलेलं. मुरवलेल्या रानमुळ्यांची बरणी एक, न फुटता. खोक्यावर टपालखर्च सहा हजार वॉन छापला आहे. इथल्या बाजारात ही भाजी घेतली असती तर अकरा हजारांच्या खाली मिळाली नसती, म्हणजे पाठवण्यात तू तोट्यात नाहीस, एवढं समाधान करून घेतलं. चिठ्ठी नव्हती. पीठ चाळलं, बरणीभोवतीचा वर्तमानपत्राचा कागद उलगडून दोन्ही बाजूंनी वाचला. नव्हती.

पाठवणाऱ्याच्या जागी मात्र तुझं अक्षर आणि पत्ता. भाऊजी आणि तू हारमला घेऊन इंजेच्या डोंगरात गेलात त्याला येत्या ऑक्टोबरात पाच वर्षं होतील. तुमचा फोन बदलला, आणि पत्ता कुणाला विचारायचा? एका गावच्या दोन जावा, आणि थोरलीला धाकटीचा पत्ता ठाऊक नाही, हे तोंडाने कसं सांगायचं? आता मिळाला आहे, तर लिहिते.

सासूबाई ठीक आहेत. शहाऐंशी झाली, दात सहा, आवाज पूर्वीचाच. गोंद्रे घालून भात केला तर दोन वाट्या खाल्ल्या आणि म्हणाल्या, "ही भाजी आपल्या इथली नाही. कुणी दिली?" मी म्हटलं, "तुमच्या धाकट्या सुनेने." त्या म्हणाल्या, "मग आणखी वाढ."

आमचे हेही ठीक. गुडघा दुखतो, ते सांगत नाहीत, पण जिन्याच्या पायऱ्या मोजतात म्हणजे कळतं. जिनसेंगचे वाफे दोनच राहिले आहेत. मोठा वाफा पाच वर्षांचा, आणि एक रोपांचा, मामंजींच्या बियाणाचा, गेल्या नोव्हेंबरात पेरलेला. यंदा कोंब नऊ दिवस आधी वर आले. मी खर्चाच्या वहीच्या उजव्या कडेला एक रकाना आखला आहे, त्यात रोज दुपारचं तापमान लिहिते. सावलीच्या छपराखाली, वाफ्याच्या पातळीला खांबावर थर्मामीटर टांगलेलं आहे. तुला ते माहीत आहे, त्या वर्षापासून तिथेच आहे.

त्या वर्षाचं मी काढत नाही.

हारम कोणत्या इयत्तेत गेली? पवित्र मरिया तुम्हा तिघांना सांभाळो.

तुझी थोरली,
आगाथा


२ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

पोस्टकार्ड मिळालं. चार ओळी होत्या. "सर्व ठीक. हारम आठवीत. सासूबाईंना नमस्कार. पाऊस बरा." बँकेतून पत्र येतं ना, तसं वाटलं. तरी मी ते आरशाला लावून ठेवलं आहे.

इथे आग आहे. वहीतून उतरवते: २८ जुलै, ३४. २९ जुलै, ३५. ३० जुलै, ३५. काल ३६, आणि ते सावलीत. रात्री पंचवीसच्या खाली उतरत नाही. ऐन उकाड्याच्या तीन बोकांपैकी मधल्या बोकच्या दिवशी कोंबडी आणि जिनसेंगचं सूप केलं, तिघांना पुरेल एवढं, आणि सवयीने सहा वाट्या काढल्या. असो.

गेल्या आठवड्यात सरकारी संशोधन केंद्रातून एक मुलगी आली होती. प्यो नारे नाव, उन्हाने नाक सोललेलं. तिच्याजवळ एक यंत्र होतं, चिमट्यासारखं. त्यात जिवंत पान धरायचं, मग ते पान हवेतून किती खातं ते आकड्यात दिसतं. सासूबाई छपराच्या तोंडाशी पाटावर बसल्या होत्या. त्यांनी आधी तिलाच चिमट्यात धरलं.

"लग्न झालं का गं?"

"नाही, आजी."

"वय?"

"एकतीस."

"एकतिसाव्या वर्षी मला तीन होते. तू पानं मोजतेस."

"आजी, पानं उलट उत्तर देत नाहीत," ती म्हणाली. सासूबाई इतक्या हसल्या की मला पाणी आणावं लागलं.

मग तिने ते समजावून सांगितलं. धाकटे, मी मॅट्रिक, व्यापारी शाळेतली, जमा-खर्च मला कळतो, म्हणून तिने जे सांगितलं ते मला लगेच कळलं. सकाळी सातला पंचवीस अंश होते तेव्हा यंत्रावर साडेतीन आलं. म्हणजे पान उजेड आणि हवा घेऊन कमावत होतं. दहाला अठ्ठावीस झाले, आकडा दोनवर आला. बाराला चौतीस, तेव्हा अर्धासुद्धा नाही. उजेड भरपूर, पाणी भरपूर, पण पानाला जेवण बनवता येईना.

"याच्या वर गेलं तर?" यांनी विचारलं.

"आकडा शून्याच्या खाली जातो, काका. श्वास तर पान घेतंच, उकाड्यात जास्तच घेतं. कमाई बंद आणि खर्च दुप्पट. मग ते मुळातलं साठवलेलं मोडून खातं. रात्रही उबदार असली की रात्रभर खात राहतं."

"मग वर आणखी एक काळं कापड टाकतो."

"थंड होईल थोडं. पण अंधारात कमावणार काय?"

यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

मग तिने छपराला समोरून लटकणाऱ्या पडद्याकडे पाहून विचारलं, "हा पडदा दिवसभर खाली असतो का?" हे म्हणाले, "बोकच्या दिवसांत असतोच. आमच्या वडिलांचा नियम आहे. जिनसेंगने सूर्याचं तोंड पाहायचं नाही." ती आमच्या थर्मामीटरकडे गेली, मग पडदा वर गुंडाळून अर्धा तास थांबली, पुन्हा पाहिलं. पडदा खाली असताना सदतीस. पडदा वर केल्यावर तेहतीस. म्हणाली, "छपराची सावली पुरेशी आहे, काका. ऊन समोरून येतं ते फक्त सकाळी लवकर. बारानंतर पडदा ऊन अडवत नाही, वारा अडवतो."

हे एवढंच म्हणाले, "हूं."

मी घरात आले आणि भांडी घासली. घासलेलीच होती.

आगाथा


२१ ऑगस्ट

धाकटे,

हे पत्र तू एकटी असताना वाच. वाचून झाल्यावर भाऊजींना द्यायचं की नाही ते तू ठरव, मला तो अधिकार नाही.

त्या उन्हाळ्यात भाऊजी रोज पहाटे जाऊन चार वर्षांच्या वाफ्यासमोरचे पडदे वर बांधायचे. "वारा खेळू दे," म्हणायचे. हे चिडायचे, पण आपल्या बापासारखे ओरडणार नाही असं लग्नात म्हणाले होते, म्हणून नुसते दारात थुंकायचे. मग भाऊजी आणि हे दोघंही नदीपलीकडच्या मिरचीच्या शेतात जायचे, ते चारला परत.

बाराची घंटा झाली की मी प्रार्थना म्हणायची आणि वाफ्याकडे जायची. मला मामंजी दिसायचे. हयातभर त्यांनी एकदाही बोकमध्ये पडदा उघडा ठेवला नव्हता. मला वाटायचं भाऊजी तरुण आहेत, त्यांना कळत नाही, आपण गुपचूप सांभाळून घेऊ, भांडण नको. मी पडदे सोडायची. अकराही रांगांचे. आणि साडेतीनला जाऊन पुन्हा वर बांधायची, भाऊजींना वाईट वाटू नये म्हणून.

एकोणीस दिवस.

मी स्वतःला पुण्यवान समजत होते. खरं सांगते, मी ते देवाला अर्पण करत होते.

पानं वीस ऑगस्टच्या आत कडेने करपून गळली. जिनसेंगला वर्षातून एकदाच पानं येतात, दुसऱ्यांदा फुटत नाहीत, हे आपल्या गावात लहान मुलालाही ठाऊक आहे. मुळं उरलेलं वर्ष आपल्यालाच खात बसली. खणली तेव्हा सुतळीसारखी निघाली. आणि सगळ्या गावाने पहाटे पडदे वर पाहिले होते आणि संध्याकाळीही वर पाहिले होते.

चुसॉकच्या सणाच्या जेवणात हे सगळ्यांसमोर म्हणाले, "बापाचं शेत तू भाजून खाल्लंस." भाऊजी म्हणाले, "दादा, पडदे उघडे होते म्हणून जळलं, असं नाही." कुणी ऐकलं नाही. तू माझ्याकडे पाहिलंस. मी नाशपाती कापत होते. धाकटे, मी नाशपाती कापत राहिले. पुरेशा झाल्या तरी कापत राहिले.

तेव्हा मला वाटत होतं की माझ्या पडद्यांनी थोडं तरी वाचवलं असेल, उघडं राहून जळलं ते सकाळच्या उन्हाने. मग बोलून काय उपयोग? असं मी पाच वर्षं म्हटलं. प्यो बाई गेल्यावर जुनी वही काढली. त्या वर्षाचे आकडे मीच लिहिलेले आहेत, पडदे सोडायला जाताना आणि बांधायला जाताना. ३ ऑगस्ट, दुपारी बारा, ३५. साडेतीन, ४०. ४ ऑगस्ट, ३५ आणि ४०. ५ ऑगस्ट, ३६ आणि ४१. माझं अक्षर, माझी शाई. बाजूला मी त्या दिवशी मीठ आणि काकड्या घेतल्याचं लिहिलं आहे.

भाऊजी बरोबर होते. जाळलं मी.

शनिवारी पापनिवेदनाला गेले. फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी पाच जपमाळा सांगितल्या. मी म्हटलं, "फादर, एवढंच?" ते म्हणाले, "नाही. त्यानंतर एक पत्र. पत्ता आहे ना?" पूर्वी म्हटलं असतं, नाही. या वेळी खोटं बोलता आलं नाही.

क्षमा मागत नाही, कारण मागितली की तुला द्यावी लागेल. फक्त सांगते आहे.

आगाथा


६ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

सहा आठवडे झाले, उत्तर नाही. बरोबर आहे. मी वाट पाहते आहे असं समजू नकोस. पोस्टमन यायच्या वेळी मी अंगण झाडते, ते पूर्वीही झाडायची.

चुसॉकला मी सांगितलं. तुला एकटीला सांगून भागणार नव्हतं, भाऊजींना नावं सगळ्यांसमोर ठेवली गेली होती. पूर्वजांचं ताट उचलून झालं, हे जेवायला बसले, सासूबाई बसल्या, दाएजॉनहून आमचा मुलगा आणि सून आली होती तीही बसली. मी वही ताटाशेजारी ठेवली आणि बोलले. लांबवलं नाही.

यांनी घास संपवला. मग विचारलं, "किती दिवस?"

"एकोणीस."

"अकराही रांगा?"

"अकराही."

त्यांनी वही ओढून घेतली. चष्मा नव्हता, हात लांब करून वाचली. वाचायला फार वेळ लागला, आकडे तर चाळीसही नव्हते. मग उठले आणि शेतावर गेले.

मी वाट पाहत होते सासूबाई काय म्हणतात त्याची. त्या म्हणाल्या, "मॅट्रिक झालेली सून केली. वहीत लिहायला एक क्षण, तोंडाने सांगायला पाच वर्षं!" मग माझ्या सुनेकडे वळून, "तू किती शिकलीस?" ती म्हणाली, "एम.ए., आजी." "देवा," सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे मी मेल्यावर कळणार." मला हसू आलं आणि ते रडण्यातून आलं, आणि मग सगळेच हसले. चुसॉकचं जेवण पाच वर्षांत पहिल्यांदा गरम असताना संपलं.

हे अंधार पडताना आले. पायाला माती. पायरीवर बसून बूट काढता काढता म्हणाले, "मी त्याला विचारलंच नव्हतं."

मी म्हटलं, "काय?"

"पडदे का उघडतोस. धाकटा भाऊ आहे, विचारायचं असतं. मी नुसता थुंकत होतो."

त्यांनी एवढंच बोलून पाय धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर दोन्ही वाफ्यांसमोरचे पडदे त्यांनी बारापर्यंतच खाली ठेवायचे असं ठरवून खांबांना नवे लोखंडी हुक ठोकले होते, एका ओढीत वर जातील असे. आता ऑक्टोबरात पडद्याला काही अर्थ नाही, पानं पिवळी पडून गेली. पण मी तसं म्हटलं नाही.

वहीत काल २१. मन फार हलकं आहे, धाकटे, आणि तू अजून रागावली असशील हे ठाऊक असूनही आहे. मला त्याची लाज वाटायला हवी, पण खोटं लिहिणार नाही.

आगाथा


१२ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं जानेवारीचं पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर कागद फाटायला आला. दोन पानं, दोन्ही बाजूंनी, आणि एकही गोड शब्द नाही. "तुम्ही नाशपाती कापत होतात आणि मी माझ्या नवऱ्याचे कपडे पिशवीत भरत होते." "हारम तिसरीच्या अर्ध्यातून उठली, तिची मैत्रीण अजून कुमसानला आहे." "पहिला हिवाळा आम्ही भाड्याच्या खोलीत काढला, नळ गोठला होता." सगळं लिहिलंस ते बरं केलंस. पोस्टकार्डावर तू मला परकी वाटली होतीस. या पत्रात माझी जाऊच बोलते आहे. रागावलेली, पण तीच.

शेवटी तू लिहिलंस की भाऊजींना पत्र दाखवलं आणि ते लाकडं फोडायला गेले, आणि दादाला यायचं असेल तर त्याने स्वतः यावं, हारमसमोर बोलावं, मधे बायका घालू नयेत. मी ते वाक्य यांना वाचून दाखवलं. मधे बायका आहेतच, पण असो.

आता कामाचं. मामंजींच्या बियाणाची रोपं वर्षाची झाली. मुळं पांढरी, सरळ, दोन बोटांएवढी. हे दहा दिवस वाफ्याच्या कडेला उकिडवे बसून एकच विचार करत होते. गेल्या मंगळवारी बोलले. "इथे लावली तर सहा वर्षांत किती उन्हाळे येणार?" मी म्हटलं, "सहा." "आणि त्यातले बरे किती?" मी वही उघडली. गेल्या सहा उन्हाळ्यांत दुपारी तीसच्या आत राहिलेले दिवस दर वर्षी कमी. पहिल्या वर्षी एकसष्ट, गेल्या वर्षी तेवीस. त्यांना आकडे नको होते, ते म्हणाले, "बंद कर." मग म्हणाले, "वर, त्याच्याकडे, दुपारी किती असतं?"

तू पत्रात लिहिलं होतंस, रागातच लिहिलं होतंस, की तुमच्या उतारावर ऑगस्टात भर दुपारी सव्वीस असतं आणि तुमचा चार वर्षांचा वाफा पानांनी गच्च आहे. मी तेवढंच वाचून दाखवलं. सव्वीस. हे म्हणाले, "म्हणजे पान दिवसभर कमावतं." त्यांनी ते असं म्हटलं, धाकटे, जसं कुणी आपल्या मुलाला नोकरी लागल्याचं सांगतं.

तर आमचं म्हणणं असं. रोपं तुम्ही घ्यावीत. सगळी. तीन हजार दोनशे आहेत, त्यातली बारीक वेगळी काढून चांगली सव्वीसशे भरतील. विकत नाही आणि वाटणी म्हणूनही देत नाही, त्याचं गणित कुणी मांडू नये. मामंजींनी चाळीस वर्षं निवडून केलेलं बियाणं आहे. आमच्या मातीत ते आता दर वर्षी स्वतःलाच मोडून खाणार. ज्याला आम्ही हाकललं त्याच्याच शेतात ते जगेल असं दिसतं. हे वाक्य माझं नाही, यांचं आहे. मी जसंच्या तसं लिहिलं.

पाच वर्षांचा वाफा इथेच राहील, तो आम्ही यंदाच्या पावसानंतर खणू. पुढे इथे हे काय लावणार, विचारलं तर म्हणतात, "रताळी. रताळ्याला उकाडा आवडतो, आणि माझ्या गुडघ्यालाही." सासूबाई म्हणतात, "शहाऐंशी वर्षं जिनसेंग खाल्लं, आता रताळ्यावर मरायचं." आणि रोज विचारतात, इंजेला जायची गाडी कधी निघते, कारण त्या येणार आहेत. गाडीत लोळायला जागा हवी म्हणाल्या. नाही म्हणायची माझी हिंमत नाही, तूही म्हणू नकोस.

यांची तयारी चालली आहे. दाढी करताना आरशापुढे बोलतात. "धाकट्या, माझी चूक झाली." मग, "नाही, असं नको." मग पुन्हा. काल शेजारचा बैल ऐकत होता, त्याला दोनदा म्हणून दाखवलं. मला सांगितलं की पत्रात ते "विचारलंच नव्हतं" वगैरे लिहू नकोस, ते मी तिथे बोलणार आहे. आता काय सांगू, ते मी ऑक्टोबरातच लिहून बसले आहे. तू भाऊजींना ते सांगितलं असशील तरी त्यांनी पहिल्यांदा ऐकल्यासारखं करावं, एवढं त्यांना सांग.

रोपं एकदा उपटली की ओल्या शेवाळात आठ दिवस टिकतात, फार तर नऊ. तुमची जमीन कधी सैल होते ते मला ठाऊक नाही. म्हणून उत्तर येईपर्यंत मी यांना वाफ्याला हात लावू देणार नाही, कुदळ मी लपवली आहे. वाफा तयार नसेल तर तसं कळव. भाऊजींची मनापासून इच्छा नसेल तरी तसंच कळव, रोपं वाट पाहतील, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पाहू शकतात. त्यानंतर त्यांना पानं फुटू लागतील, आणि जिथे फुटतील तिथलाच उन्हाळा त्यांच्या वाट्याला येईल.

आम्ही तिघं यायचं की नाही, आणि कोणत्या दिवशी, एवढं उलट टपाली लिही. हारमला लिहायला सांगितलंस तरी चालेल, पण भाऊजींना विचारून.

तुझी थोरली,
आगाथा